नाग पाळणे आणि पंचमी पाळणे

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर महिषासुराचा जो भव्य रंगीत पुतळा आहे, त्याच्या एका हातात खड्ग आहे आणि दुसऱ्या हातात नाग. येणारा प्रवासी त्या पुतळ्यापुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतो आणि देवीच्या दर्शनाला जातो. टेकडी उतरून शहरातल्या जुन्या वस्त्यांमध्ये आले, की पिंपळाच्या पारावर ओळीने मांडलेले नागाचे दगड दिसतात. कन्नडमध्ये त्यांना नागरकल्लु म्हणतात. एकमेकांत गुंफलेले दोन नाग, त्यांच्यावर वाळलेले हळदकुंकू, एखादे शिळे फूल. एकाच शहरातली ही दोन शिल्पे माणसाच्या सापाशी असलेल्या दोन नात्यांची द्योतक आहेत. पुतळ्यातला नाग असुराच्या मुठीत आहे; तो त्याच्या सामर्थ्याचा अलंकार झाला आहे. पारावरचा नाग कोणाच्याच मुठीत नाही. माणूस त्याच्यापाशी येतो, काही वाहतो आणि परत जातो.

या दोहोंहून निराळे असे एक तिसरे नाते मला म्हैसुरातच भेटले. मानसगंगोत्रीच्या परिसरातील भारतीय भाषा संस्थानात काही कामानिमित्त गेलो असता, तीन पिढ्यांपूर्वी तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात माझा मुक्काम होता. घरातला महाविद्यालयीन वयाचा मुलगा एका संध्याकाळी आपल्या दूरध्वनीवर काही छायाचित्रे दाखवू लागला. त्याच्या हॉलंडमधील मित्राने घरी पाळलेल्या सापांची ती छायाचित्रे होती. काळ्या अंगावर तांबडे पट्टे, मधोमध हिरवट निळी रेघ, आणि पोटाकडे तोच निळा रंग. इतका नेटका रंगमेळ पैठणीच्या काठातही क्वचितच साधतो. मी पाहतच राहिलो. मग त्याने विचारले, “काका, इतकं सुंदर काही रोज डोळ्यांसमोर असावं असं वाटण्यात वाईट काय आहे?”

मी कायद्याचे उत्तर दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या सुधारणांनी आपल्याकडील रानातला साप पकडून घरी बाळगणे निषिद्ध ठरवले आहे, असे सांगितले. तो म्हणाला, “कायद्याचं नाही विचारत मी.” त्याचे बरोबर होते. कायदा काय करू नये ते सांगतो. ते का करू नये, याचे उत्तर शोधण्याचे काम तो आपल्यावर सोपवतो. त्या संध्याकाळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम त्या सापाविषयी. उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या या कुळाला इंग्रजीत गार्टर साप म्हणतात. पायमोजा घसरू नये म्हणून पायाला जो पट्टा बांधत, तो गार्टर. अंगावरच्या लांब पट्ट्यांवरून सापाला त्याचे नाव मिळाले. एका मोकळ्या प्राण्याचे नाव बांधून ठेवणाऱ्या वस्तूवरून पडावे, हा योगायोग असला तरी लक्षात राहण्याजोगा आहे. हे साप बहुधा लहान असतात, माणसाला त्यांच्यापासून सहसा धोका नसतो, आणि ते अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या ठिकाणी चुनखडीच्या कपारींतून हिवाळा काढलेले असे साप वसंतात हजारोंच्या संख्येने बाहेर येतात आणि ते पाहायला माणसे दुरून जातात. मी छायाचित्रात पाहिलेली, कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची जात या कुळातली सर्वांत देखणी मानली जाते. १९६७ पासून ती अमेरिकेत संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. तिच्या पाणथळ जागा वस्त्यांखाली गेल्या हे त्याचे प्रमुख कारण. परंतु तिच्या रूपावर लुब्ध झालेल्या संग्राहकांनी तिला चोरून पकडणे, हेही एक कारण नोंदले गेले आहे. सौंदर्य हेच तिच्या जिवावर उठले.

एवढ्यावरून हौशी सर्पपालकाला दोषी ठरवणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. त्याची बाजू दुबळी नाही. याच जातीची पैदास युरोपातील काही प्राणिसंग्रहालयांत आणि हौशी पालकांकडे होत आली आहे. शिवाय, चांगल्या पालकाचे ज्ञान पाहून आपण खजील व्हावे अशी स्थिती आहे. काही जातींच्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते आणि केवळ तेच मासे खाऊ घातले तर गार्टर साप आजारी पडतो, हे तो जाणतो. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे निळसर-दुधी होतात, तेव्हा त्याला हात लावू नये, हेही त्याला ठाऊक असते. याउलट आपण शतकानुशतके नागाची पूजा करत आलो, त्याच्यापुढे दूध ठेवत आलो, आणि दूध हे त्याचे अन्नच नाही, एवढी साधी गोष्ट पाहायची राहून गेली. ज्याला आपण देव मानले, त्याच्याकडे आपण नीट पाहिलेच नाही. सर्पपालक पाहतो. पाहणे हे प्रेमाचे पहिले कर्तव्य असेल, तर ते त्याने केले आहे.

मग अडते कुठे? याचे उत्तर मला माझ्या लहानपणातील एका बरणीपाशी सापडते.

गार्टर सापाचा आपल्याकडचा एक भाऊबंद म्हणजे नानेटी. दोघेही एकाच उपकुळातले. हातभर लांबीची, तपकिरी अंगाची, पाठीवरून दोन पिवळसर रेघा गेलेली ही बिनविषारी सापीण पावसाळ्यात बांधाच्या कडेला बेडकांच्या मागावर दिसते. वारणेच्या खोऱ्यातील आमच्या गावी मी नऊ-दहा वर्षांचा असताना एक नानेटी पकडली आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ठेवली. झाकणाला भोके पाडली, आत ओली माती घातली, एक बेडूक सोडला. आई एवढेच म्हणाली, “जनावर आहे ते. घरात नको.” आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, नाहीतर लांबडं. मी बरणी गोठ्यात नेऊन ठेवली.

नानेटीची एक लकब आहे. ती बिथरली की मान चपटी करते. खवले एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्या फटींतून आतल्या कातडीचा रंग उमटतो. कोणात तो तांबूस असतो, कोणात फिकट निळा. माझ्या नानेटीचा निळा होता. एरवी मातीच्या रंगाची ती क्षणभर अशी काही उजळे, की मी हरखून जाई. बरणीवर टिचकी मारली की तो रंग दिसतो, हे ध्यानात आल्यावर मी शाळेतून आल्यावर टिचक्या मारत बसू लागलो. मित्रांना बोलावून दाखवू लागलो. बेडूक तसाच होता. तिने तो खाल्ला नव्हता. आठव्या दिवशी टिचकी मारली, तर रंग आला नाही.

त्या वेळी मला वाईट वाटले ते एक मौल्यवान वस्तू गेल्याचे. खरी गोष्ट कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. ज्या रंगाला मी सौंदर्य समजत होतो, ती तिची भीती होती. तिने मान चपटी केली ती मला दूर ठेवण्यासाठी, आणि नेमके तेच पाहण्यासाठी मी अधिक जवळ जात राहिलो. मी तिच्याकडे आठ दिवस पाहत होतो आणि तरीही मी तिला पाहिले नव्हते. सर्पपालकाच्या बाजूने आताच जो युक्तिवाद केला, तो येथे अपुरा पडतो. पाहणे हे कर्तव्य खरे. पण जे दिसते आहे ते त्या जिवाचे आहे की आपण त्याला घातलेल्या कोंडीचे, हा प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. बरणी जे दाखवते, त्यात बरणीचाही वाटा असतो.

सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे कांटची आठवण होणे स्वाभाविक आहे. मराठी वाचकाला त्याच्या विचाराचा विस्तृत परिचय रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने करून दिला. सौंदर्याचा आनंद हा हेतुरहित असतो, सुंदर वस्तू आपल्या मालकीची आहे की नाही, किंबहुना ती अस्तित्वात आहे की नाही, याच्याशीही त्याला कर्तव्य नसते, हे त्याच्या १७९० च्या विवेचनातील सुपरिचित सूत्र. या कसोटीवर जवळ बाळगण्याची इच्छा सौंदर्यानुभवाच्या बाहेरची ठरते. पण जिवंत सौंदर्याच्या बाबतीत हे सूत्र अर्धेच पुरते; कारण जिवंत वस्तू आहे की नाही याविषयी उदासीन राहणे हे तटस्थपणाचे लक्षण नसून निष्ठुरपणाचे लक्षण आहे. आठव्या दिवशी मी रंगासाठी हळहळलो, नानेटीसाठी नाही, ही ती उदासीनताच होती. कांटला ही अडचण दिसली असावी. त्याच ग्रंथात पुढे तो रानफुलाचे, पाखराचे, कीटकाचे रूप एकान्तात निरखणाऱ्या माणसाचा विचार करतो. आपल्याला त्यापासून लाभ तर नाहीच, उलट थोडा अपायही संभवत असला, तरी सृष्टीतून ते नाहीसे होऊ नये, असे ज्याला वाटते त्याच्या सौंदर्यप्रेमात नैतिक वृत्तीचा अंश आहे, असा त्याचा आशय आहे. सापाचे नाव त्याने घेतलेले नाही. पण या विचाराला सापाइतके चपखल उदाहरण दुसरे नसावे. ते माझ्यापाशी असावे, असे म्हणणारे प्रेम एक. ते असावे, एवढेच म्हणणारे प्रेम दुसरे.

या दोन प्रेमांमधला भेद सांगायला आपल्या भाषेने एकच क्रियापद राखून ठेवले आहे, हे मला अलीकडे जाणवले. आपण गाय पाळतो, कुत्रे पाळतो, पोपट पाळतो. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, व्रत पाळतो. मूळ संस्कृत धातूचा अर्थ रक्षण करणे. तो दोन्हीकडे आहे. फरक आहे तो बंधन कोणावर पडते याचा. शब्द पाळणारा स्वतः बांधला जातो. पोपट पाळणारा पोपटाला बांधतो. गाईच्या बाबतीत बंधन दुहेरी आहे. गोठ्यात गाय असलेला माणूस पहाटे उठतो, चार दिवस परगावी जाऊ शकत नाही, दुष्काळात आपल्या आधी तिच्या वैरणीची काळजी करतो. कुत्रा तर हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने घडला. त्याचा स्वभावच त्या सोबतीचा भाग झाला आहे. सापाशी आपला असा कोणताही जुना करार नाही. तो आपल्याकडून काही मागत नाही आणि आपल्याला काही देणे लागत नाही. म्हणून सापाची हौस ही एका अर्थी निरपेक्ष आवड ठरते, कारण परतफेडीची आशा नसते. आणि दुसऱ्या अर्थी ती निखळ मालकी ठरते, कारण समोरच्याच्या संमतीचे चिन्हही नसते. त्याला काही हवे-नको नसतेच, असेही म्हणता येत नाही. गार्टर साप इतर सापांच्या सोबतीत राहणे पसंत करतात, आणि तेही कोणत्याही सापाच्या नव्हे, काही विशिष्ट सोबत्यांच्या, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्यांना निवड आहे. काचेच्या पेटीत ती निवड दुसराच कोणी करतो.

आता नागपंचमीकडे पाहू. त्या दिवशी आमच्या घरी विळीवर काही चिरत नसत, चुलीवर तवा ठेवत नसत, शेतात नांगर चालत नसे, कोठे खणत नसत. जमिनीखाली कोणी असेल, त्याला लागू नये. या आचारातील भोळेपणा मला कबूल आहे. परंतु त्याची रचना विचार करण्याजोगी आहे: त्यात सापाला काहीच करावे लागत नाही. सगळी बंधने माणसावर. आपण नागपंचमी पाळतो असे म्हणतो, ते याच अर्थाने. नाग पाळणे आणि पंचमी पाळणे यांत क्रियापद एक असले, तरी दोरी दोन निराळ्या गळ्यांत आहे.

आमच्या गावाहून फार दूर नसलेल्या बत्तीस शिराळ्यात मात्र ही दोरी एकीकडून दुसरीकडे गेली. तेथील आख्यायिका अशी, की महाजनांच्या घरी गोरक्षनाथ भिक्षेला आले असता घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करत होती. जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी तिला विचारले, आणि तेव्हापासून तेथे जिवंत नाग पुजले जाऊ लागले. समीक्षकाला ही कथा विलक्षण वाटते. प्रतिमेवर न थांबता प्रत्यक्षाला भिडण्याचे आवाहन तीत आहे. परंतु त्या आवाहनाचा परिणाम काय झाला? पंचमीआधी नाग पकडले जाऊ लागले, मडक्यांत ठेवले जाऊ लागले, मिरवणुकीत आणले जाऊ लागले, कोणाचा फणा उंच याच्या स्पर्धा होऊ लागल्या. नंतर त्यांना परत सोडतही असत, आणि पकडणाऱ्यांच्या मनात भक्ती होती याविषयी मला शंका नाही. ती माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. तरीही मिरवणुकीत फणा उभारलेला नाग आणि मान चपटी केलेली माझी नानेटी यांत मला आज अंतर दिसत नाही. या शतकाच्या आरंभी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्या प्रथेवर बंदी आली. गावाला त्याचे दुःख झाले, ते समजण्यासारखे आहे. पण मातीचा नाग हा खऱ्या नागाची कमअस्सल नक्कल नव्हता. तो माणसाने खऱ्या नागाला दिलेले अभय होता. प्रतिमेचे हे कार्य आपण साहित्याचे अभ्यासक सहसा विसरतो. प्रतिमा आपल्याला एखाद्या गोष्टीच्या जवळ नेते, आणि त्याच वेळी त्या गोष्टीला आपल्यापासून वाचवते.

या विधानावर सर्वांत तिखट आक्षेप कर्नाटकातूनच, आठशे वर्षांपूर्वी, घेतला गेला आहे. दगडाच्या नागाला दूध वाहणारे लोक खरा नाग दिसताच त्याला मारायला धावतात, असा दोष बसवण्णांनी आपल्या एका प्रसिद्ध वचनात दाखवला. हा आक्षेप टाळता येत नाही. प्रतिमेने अभय दिले खरे. पण प्रतिमेला दूध आणि प्रत्यक्षाला काठी, अशी सोयीची वाटणीही आपण तिच्या आधारे करून घेतली. तेव्हा केवळ दगडापाशी थांबणे हे उत्तर नव्हे. दगडाच्या नागाला जे मोकळेपण आहे आणि पाळलेल्या सापाला जे लक्ष मिळते, ती दोन्ही एकाच ठिकाणी यायला हवीत.

ती आलेली आपण पाहिली आहेत. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांसमवेत काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. त्या घटनेत विक्रमाचा भाग होता आणि सापही कोंडलेलेच होते. पण काचेच्या आत या वेळी माणूसही होता. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, त्यामागे खैरे यांचेच परिश्रम होते, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत काठीऐवजी सर्पमित्राला बोलावण्याची रीत पडली. म्हैसुरात ‘स्नेक श्याम’ या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ घराघरांतून साप पकडतात, त्यांची नोंद ठेवतात आणि त्यांना रानात सोडून देतात. २०१३ मध्ये शहराने त्यांना महानगरपालिकेवर निवडूनही दिले. त्यांच्या हातातही साप असतो. परंतु महिषासुराच्या मुठीतील नाग आणि या हातातील नाग यांत मूलभूत फरक आहे. हा हात सोडण्यासाठी धरतो.

यावर तो मुलगा म्हणेल की सोडून दिलेला साप रोज डोळ्यांसमोर राहत नाही. खरे आहे. या विचाराची किंमत तीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जो आपल्याला आवडला तो पुन्हा दिसेलच असे नाही, दिसला तरी आपल्या वेळेला दिसेल असे नाही, आणि आपल्या आवडीची त्याला कधी खबरही लागणार नाही. हे सोसता येत असेल, तरच ते सापावरचे प्रेम. नाहीतर ते आपल्या डोळ्यांवरचे प्रेम.

त्या मुक्कामातल्या शेवटच्या सकाळी रात्रीचा पाऊस थांबला होता. परसातल्या धुण्याच्या दगडाशी एक नानेटी आली होती. मुलाने मला हळूच हाक मारली. आम्ही पाच-सहा पावलांवर उभे राहिलो. त्याने छायाचित्रासाठी आणखी पुढे जायला पाऊल उचलले आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला. नानेटीने दोनदा जीभ बाहेर काढली, दगडाला वळसा घातला आणि ओल्या गवतात गेली. तपकिरी अंग, दोन पिवळसर रेघा, एवढेच आम्हांला दिसले. निळा रंग दिसला नाही. मुलाला त्यात विशेष काही वाटले नसेल. त्याला तो रंग असतो हेच ठाऊक नव्हते. मला मात्र साठ वर्षे होत आल्यावर प्रथमच एक नानेटी नीट पाहिल्यासारखे वाटले.